रेझिस्टरच्या व्हॅल्यू आणि टॉलरन्स: ४.७ मिळतो, ५ का मिळत नाही?

सर्किटचा हिशोब केला, उत्तर आलं ५ किलोओहम. कॅटलॉग उघडला तर त्यात ४.७ आहे, ५.१ आहे, कुठे ४.९९सुद्धा आहे, नेमका ५ तेवढा नाही. पुढे ±५%, ±१% अशा टॉलरन्सच्या खुणा, म्हणजे खरा रोध छापील व्हॅल्यूपासून किती टक्के वर-खाली असू शकतो ते. नवीन माणूस इथे दोन टोकांपैकी एक गाठतो. एक तर हाताला लागेल तो रेझिस्टर लावून मोकळा होतो, नाही तर जिथे काडीची गरज नाही तिथे महागडे अचूक रेझिस्टर शोधत बसतो.

या लेखातून एकच गोष्ट पक्की करायची आहे. रेझिस्टरवरची व्हॅल्यू हा एक आकडा नसून पट्टा असतो, आणि तो पट्टा किती रुंद चालेल हे सर्किट ठरवतं. हे डोक्यात बसलं की मालिका, रंग, कोड हे सगळं आपोआप जागेवर येतं.

जवळ काय हवं

- मल्टिमीटर, २०० ओहमपासून निदान २ मेगाओहमपर्यंत मोजणारा
- मीटरच्या लीडला लावायच्या क्रोकोडाइल क्लिप
- भिंग आणि पांढरा प्रकाश (पिवळ्या दिव्याखाली लाल, नारिंगी आणि तपकिरी एकसारखे दिसतात)
- वापरणार असाल त्या रेझिस्टरची डेटाशीट
- खाली दिलेली ई२४ यादी, कागदावर उतरवून टेबलासमोर चिकटवलेली

## १. आकडे असे विचित्र का, ते आधी समजून घ्या

१, २, ३, ४ अशा समान अंतराने रेझिस्टर बनवले असते तर १ आणि २ मध्ये दुपटीची दरी पडली असती आणि ९ ते १० मध्ये जेमतेम ११ टक्क्यांचा फरक राहिला असता. म्हणजे एका टोकाला व्हॅल्यू कमी पडतात, दुसऱ्या टोकाला उगाच गर्दी. म्हणून बेरजेऐवजी गुणाकाराने पुढे जायचं: प्रत्येक व्हॅल्यू आधीच्या व्हॅल्यूच्या ठरावीक पट. फ्रेंच लष्करातला अभियंता शार्ल रनार याने १८७०च्या दशकात दोरखंडांच्या जाड्या ठरवताना हीच युक्ती वापरली होती. रेझिस्टर आणि कपॅसिटरसाठीच्या ‘ई’ मालिकांचं आंतरराष्ट्रीय मानक १९५२ मध्ये आलं. आज ते आयईसी ६००६३ या नावाने ओळखलं जातं.

‘ई’पुढचा आकडा सांगतो, एका दशकात किती व्हॅल्यू. दशक म्हणजे १ ते १०, १० ते १००, १०० ते १००० असा दहापटीचा टप्पा.

- ई६ (मूळ जोडी ±२०%): १.०, १.५, २.२, ३.३, ४.७, ६.८
- ई१२ (±१०%): १.०, १.२, १.५, १.८, २.२, २.७, ३.३, ३.९, ४.७, ५.६, ६.८, ८.२
- ई२४ (±५%): १.०, १.१, १.२, १.३, १.५, १.६, १.८, २.०, २.२, २.४, २.७, ३.०, ३.३, ३.६, ३.९, ४.३, ४.७, ५.१, ५.६, ६.२, ६.८, ७.५, ८.२, ९.१
- ई४८ (±२%), ई९६ (±१%), ई१९२ (±०.५% आणि त्याहून बारीक): तीन अंकी व्हॅल्यू

कोणत्याही आकड्याला १०, १००, १००० ने गुणा, त्या दशकातली व्हॅल्यू मिळते. ४.७ असेल तर ४७, ४७०, ४.७ के (के म्हणजे किलोओहम), ४७ के आणि ४७० के हे सगळे आलेच.

ई१२ मध्ये एका व्हॅल्यूवरून पुढच्या व्हॅल्यूवर जायला साधारण १.२१ ने गुणावं लागतं (दहाचं बारावं मूळ), ई२४ मध्ये १.१० ने, ई९६ मध्ये १.०२४ ने. कॅल्क्युलेटरवर पडताळायला बसलात तर काही आकडे जुळणार नाहीत. दहाचं वर्गमूळ ३.१६, म्हणजे मधली व्हॅल्यू ३.२ असायला हवी होती. यादीत मात्र ३.३ आहे. ४.६४ चं ४.६ व्हायला हवं, तिथे ४.७ आहे. चूक तुमची नाही, मानकातच २.७ ते ४.७ या पट्ट्यातल्या व्हॅल्यू आणि ८.२ गणितापासून किंचित सरकलेल्या आहेत.

ई४८ आणि ई९६ मात्र गणिताप्रमाणे चालतात, आणि नवख्याची पहिली गफलत इथेच होते. ई९६ म्हणजे ई२४ मध्ये आणखी ७२ व्हॅल्यूंची भर, असं वाटतं. तसं नाही. ई९६ मध्ये ४.७० नाहीच, तिथे ४.६४ आणि ४.७५ आहेत. ३.३० नाही, ३.२४ आणि ३.३२ आहेत. पण बरेच उत्पादक ई२४ च्या व्हॅल्यूही ±१% मध्ये बनवतात. म्हणून पाकिटावर ‘४.७ के, १%’ दिसलं तर माल खोटा समजू नका.

## २. टॉलरन्सचा पट्टा काढायला शिका

±५% चा ४.७ के म्हणजे ४४६५ ते ४९३५ ओहममधला कोणताही रेझिस्टर. मीटरने ४.५१ के दाखवलं तरी तो नापास नाही.

आता मालिका आणि टॉलरन्स यांचं नातं बघा. ई६ घ्या. १.० मध्ये २०% मिळवा, १.२ झालं. १.५ मधून २०% काढा, तेही १.२. दोन शेजाऱ्यांचे पट्टे नेमके एकमेकांना टेकतात. ई१२ मध्ये २.७ + १०% = २.९७ आणि ३.३ – १०% = २.९७. कारखान्यातून कोणत्याही रोधाचा तुकडा निघाला तरी तो कुठल्या ना कुठल्या नावाखाली बसावा, अशी ही रचना आहे. सगळीकडे ती इतकी चपखल नाही. ई२४ मध्ये १.३ चा पट्टा १.३६५ ला संपतो आणि १.५ चा १.४२५ ला सुरू होतो, मध्ये फट राहते. पण ±५% च्या रेझिस्टरमध्ये ४.७ आणि ५.१ च्या मध्ये आणखी एखादी व्हॅल्यू का घातली नाही, याचं उत्तर या हिशोबात आहे. ४.७ चा पट्टा ४.९३५ पर्यंत जातो, ५.१ चा ४.८४५ पासून सुरू होतो. मधल्या व्हॅल्यूला जागाच उरत नाही.

टॉलरन्सबद्दल एक गोष्ट बऱ्याचदा सुटते. ती साधारण २५ अंश सेल्सिअसला, नव्या कोऱ्या रेझिस्टरपुरती असते. तापमान बदललं की रोध सरकतो. किती सरकतो ते डेटाशीटमध्ये पीपीएम (दहा लाखांत किती भाग) प्रति अंश असं दिलेलं असतं. १०० पीपीएमचा रेझिस्टर ५० अंशांनी तापला तर ०.५% बदलतो. म्हणजे ±१% च्या जोडीला आणखी अर्धा टक्का. सोल्डरिंगची उष्णता, दमटपणा आणि वय यांचा वाटा वेगळाच. डेटाशीटमध्ये हे सगळे आकडे वेगवेगळ्या ओळींत असतात. बेरीज आपणच करायची.

## ३. रंगपट्टे वाचा, आणि उलटं वाचत नाही ना ते बघा

काळा ०, तपकिरी १, लाल २, नारिंगी ३, पिवळा ४, हिरवा ५, निळा ६, जांभळा ७, राखाडी ८, पांढरा ९.

चार पट्टे: पहिले दोन अंक, तिसरा गुणक (किती शून्यं लावायची), चौथा टॉलरन्स.
पाच पट्टे: पहिले तीन अंक, चौथा गुणक, पाचवा टॉलरन्स.
सहा पट्टे: पाचाप्रमाणेच, सहावा तापमानाचा गुणांक (तपकिरी १०० पीपीएम, लाल ५०).

गुणकाच्या जागी सोनेरी आला तर ०.१ ने गुणायचं, चंदेरी आला तर ०.०१ ने. टॉलरन्ससाठी तपकिरी १%, लाल २%, हिरवा ०.५%, निळा ०.२५%, जांभळा ०.१%, सोनेरी ५%, चंदेरी १०%. टॉलरन्सचा पट्टाच नसेल तर २०%. अंगावर मधोमध एकच काळा पट्टा असेल तर तो शून्य ओहमचा, म्हणजे तारेच्या तुकड्याच्या जागी वापरायचा जंपर.

चार पट्ट्यांच्या ±५% मध्ये फसायला फारसा वाव नाही. सोनेरी पट्टा कधीच पहिला येत नाही, तो उजवीकडे धरा आणि वाचा. पिवळा, जांभळा, लाल, सोनेरी: ४, ७, दोन शून्यं, ४.७ के.

पाच पट्ट्यांच्या ±१% मध्ये मात्र दोन्ही टोकांना तपकिरी येऊ शकतो. हे नीट बघा:

- १० के, १%: तपकिरी, काळा, काळा, लाल, तपकिरी.
- हाच उलटा धरला: तपकिरी, लाल, काळा, काळा, तपकिरी. १, २, ० आणि गुणक १, म्हणजे १२० ओहम, १%.

१२० ही अगदी अस्सल व्हॅल्यू आहे, त्यामुळे मनात शंकाही येत नाही. १ के उलटा वाचला तर ११० ओहम होतो, १०० के उलटा वाचला तर १३० ओहम. या दोन्ही व्हॅल्यूही मालिकेत आहेत. १०० ओहम तेवढा दोन्ही बाजूंनी सारखाच. पुल-अप (पिनला पुरवठ्याच्या व्होल्टेजकडे ओढून धरणारा रेझिस्टर) म्हणून १० के समजून १२० ओहम बसला तर ५ व्होल्टवर अर्ध्या मिलिअँपिअरऐवजी जवळपास ४२ मिलिअँपिअर करंट वाहतो, आणि मायक्रोकंट्रोलरच्या पिनला ते झेपेलच असं नाही.

टॉलरन्सचा पट्टा बाकीच्यांपासून थोडा दूर किंवा थोडा रुंद असतो, असं सांगितलं जातं. मोठ्या रेझिस्टरवर ते दिसतंही. पाव वॅटच्या बारक्या निळ्या मेटल फिल्मवर त्यावर भिस्त ठेवू नका. दोन्ही टोकांना तपकिरी दिसला की सरळ मीटर लावा.

मालिका पाठ असण्याचा खरा फायदा इथे मिळतो. चार पट्ट्यांच्या रेझिस्टरवर तुम्ही ‘लाल, नारिंगी’ म्हणजे २३ वाचलंत. ई२४ मध्ये २३ नाही. मग तो २२ असेल नाही तर ३३. लाल आणि नारिंगीत तुमची गल्लत झाली आहे. ‘तपकिरी, जांभळा’ म्हणजे १७ हेही अशक्य. जळक्या रेझिस्टरवर असं काही दिसलं तर पहिला पट्टा मूळचा लाल किंवा पिवळा असून उष्णतेने काळवंडला असावा, म्हणजे २७ किंवा ४७. शेजारचं सर्किट बघून दोनपैकी कोणता ते ठरवता येतं. लाल-हिरवा भेद ज्यांना नीट दिसत नाही त्यांनी रंगांच्या नादी लागूच नये, मीटर पुरे.

## ४. छापील कोड ओळखा

सर्किट डायग्रामवर दशांशचिन्ह छपाईत पुसट होतं, म्हणून त्याच्या जागी अक्षर लिहितात. ४आर७ म्हणजे ४.७ ओहम, ४के७ म्हणजे ४.७ के, १एम० म्हणजे १ मेगाओहम. शेवटी टॉलरन्सचं अक्षर: बी ०.१%, डी ०.५%, एफ १%, जी २%, जे ५%, के १०%, एम २०%. ‘के’ आणि ‘एम’ दोन्हीकडे येतात, तेव्हा जागा बघून अर्थ लावा. आकड्यांच्या मधला ‘के’ हजाराचा, शेवटचा ‘के’ दहा टक्क्यांचा.

एसएमडी (बोर्डच्या पृष्ठभागावरच सोल्डर करायच्या, तारेचे पाय नसलेल्या) रेझिस्टरवर तीन पद्धती चालतात.

- तीन अंकी: शेवटचा अंक शून्यांची संख्या. ४७२ = ४.७ के, १०३ = १० के. सर्वांत जास्त माणसं फसतात ती १०० या कोडवर. तो १०० ओहम नव्हे, १० ओहम. १०० ओहमचा कोड १०१. तसाच २२० म्हणजे २२ ओहम.
- चार अंकी: पहिले तीन अंक, चौथा शून्यांची संख्या. ४७०१ = ४.७ के, १००० = १०० ओहम.
- दोन अंक आणि एक अक्षर: ±१% च्या छोट्या आकारांवर. दोन अंक म्हणजे ई९६ च्या यादीतला अनुक्रमांक, अक्षर म्हणजे गुणक (ए १, बी १०, सी १००, डी १०००). ०१ म्हणजे १००, म्हणून ०१सी = १० के. ६८ म्हणजे ४९९, म्हणून ६८बी = ४.९९ के. इथे ६८ चा ६.८ शी काडीचाही संबंध नाही. ही यादी कुणी पाठ करत नाही, तक्ता जवळ ठेवतात.

०४०२ आकाराच्या आणि त्याहून लहान रेझिस्टरवर बहुधा काहीच छापलेलं नसतं. ते पट्टीतून काढून टेबलावर सांडले तर मीटरशिवाय ओळखता येणार नाहीत.

## ५. मीटरने तपासा, पण मीटरवरही आंधळा विश्वास नको

१. सर्किटची वीज बंद करा, कपॅसिटर रिकामे करा. रोध मोजताना मीटर स्वतःचा बारीक करंट सोडतो. बाहेरचं व्होल्टेज मिसळलं की आकडा खोटा.
२. दोन्ही प्रोब एकमेकांना टेकवून आकडा टिपा. ०.२ किंवा ०.३ ओहम असा काही येईल. तो लीडचा रोध. कमी ओहमच्या मापातून वजा करा.
३. रेझिस्टर बोर्डवर असेल तर त्याचा एक पाय सोडवा.
४. दोन्ही हातांनी दोन्ही पाय धरून मोजू नका. शरीराचा रोध समांतर जोडला जातो. १०० ओहमला काही फरक पडत नाही. १ मेगाओहम मोजताना आकडा निम्म्यावरसुद्धा येऊ शकतो. क्लिप लावा आणि हात बाजूला घ्या.

बोर्डवरच मोजायची वेळ आली तर एक ठोकताळा उपयोगी पडतो. शेजारचे भाग समांतर असल्याने वाचन कमीच येणार, त्यावरून रेझिस्टर बिघडला असं म्हणता येत नाही. पण कपॅसिटर रिकामे असून, आकडा स्थिरावल्यावरही वाचन छापील व्हॅल्यू आणि टॉलरन्सच्या वर गेलं, तर रेझिस्टर नक्की बिघडलेला. जुन्या उपकरणांतले कार्बन कंपोझिशन रेझिस्टर वर्षानुवर्षांत असेच वर सरकतात.

आता मीटरच्या अचूकतेचा हिशोब. साध्या डिजिटल मीटरच्या माहितीपत्रकात ±(०.८% + २ अंक) असं लिहिलेलं असतं. २० के रेंजवर १० के मोजताय. शेवटचा अंक १० ओहमचा. ०.८% म्हणजे ८० ओहम, दोन अंक म्हणजे २० ओहम, एकूण ±१०० ओहम. म्हणजे मीटरची चूकच १%. असा मीटर घेऊन ±१% चे रेझिस्टर पास-नापास करायला बसणं व्यर्थ आहे. मात्र दोन रेझिस्टर एकमेकांच्या किती जवळ आहेत, हे तोच मीटर, तीच रेंज आणि तीच बैठक असेल तर चांगलं कळतं, कारण मीटरची चूक दोघांनाही जवळपास सारखीच लागते.

## ६. हिशोबातलं उत्तर मालिकेवर बसवा

एलईडी. ५ व्होल्टचा पुरवठा, लाल एलईडीवर २ व्होल्ट, करंट १५ मिलिअँपिअर. ३ ÷ ०.०१५ = २०० ओहम. ई१२ मध्ये १८० आणि २२० आहेत. मोठा घ्या: २२० ओहमवर १३.६ मिलिअँपिअर. ±५% ने हा करंट १३.० ते १४.४ च्या दरम्यान राहील. डोळ्यांना फरक कळणार नाही. करंट मर्यादेत ठेवायचा असेल तेव्हा वरच्या व्हॅल्यूकडे जायचं, हा नेहमीचा नियम. रेझिस्टरवर खर्च होणारी शक्ती ०.०४ वॅट, पाव वॅटचा पुरे.

व्होल्टेज डिव्हायडर (दोन रेझिस्टर एकसरी जोडून मधल्या बिंदूवरून कमी व्होल्टेज घेणं). इथे एकेका व्हॅल्यूच्या मागे लागू नका, गुणोत्तराच्या मागे लागा. ५ व्होल्टचे ३.३ करायचे तर वरचा भागिले खालचा ०.५१५ हवा. ई१२ मधली १.८ के आणि ३.३ के ही जोडी ३.२४ व्होल्ट देते. ई२४ मधली ५.१ के आणि १० के ही जोडी ३.३१ व्होल्ट देते. दोन्ही ±५% असतील तर सर्वांत वाईट स्थितीत ३.२० ते ३.४२, ±१% असतील तर ३.२९ ते ३.३३. डिजिटल सिग्नलची पातळी उतरवायला पहिला पट्टाही चालतो. एडीसीने (व्होल्टेजचं आकड्यात रूपांतर करणाऱ्या भागाने) बॅटरीचं व्होल्टेज मोजायचं असेल तर नाही.

एलएम३१७ रेग्युलेटर (दोन रेझिस्टर लावून आउटपुट व्होल्टेज ठरवायची आयसी). आउटपुट = १.२५ × (१ + खालचा ÷ वरचा). ५ व्होल्टसाठी गुणोत्तर ३. बहुतेक जण डेटाशीटमधला २४० ओहम धरून बसतात, उत्तर ७२० येतं आणि ७२० काही मिळत नाही. ७५० लावला तर ५.१६ व्होल्ट, ६८० लावला तर ४.७९. पण २४० धरून बसायलाच हवं असं कुठे आहे? ई२४ मध्ये १२० आणि ३६० दोन्ही आहेत, गुणोत्तर नेमकं ३. शिवाय १२० मधून १० मिलिअँपिअरहून थोडा जास्त करंट वाहतो, त्यामुळे या आयसीला लागणारा किमान भारही आपोआप भागतो. आता ०.१% चे रेझिस्टर आणून आउटपुट आणखी ‘अचूक’ करायचा मोह झाला तर आठवा: आयसीचा स्वतःचा १.२५ व्होल्टचा संदर्भच १.२० ते १.३० मध्ये कुठेही असू शकतो. त्यापुढे रेझिस्टरच्या दशांश टक्क्यांना काय किंमत!

## ७. अचूकता कुठे लागते, कुठे वाया जाते

पुल-अप, पुल-डाउन, एलईडी, ट्रान्झिस्टरचा बेस: ±५% पुष्कळ, ±१०% ही चालेल. पुल-अपसाठी ४.७ के नसेल तर बहुधा ५.६ के लावूनही काम भागतं.

आरसी टायमर: वेळ रेझिस्टर आणि कपॅसिटर दोघांवर अवलंबून असते, आणि इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर बहुतेकदा ±२०% चा असतो. तिथे ±१% चा रेझिस्टर लावून वेळ अचूक होत नाही. आधी कपॅसिटर सुधारा, नाही तर प्रीसेट (स्क्रूने फिरवून जुळवायचा रेझिस्टर) लावून जुळवा.

डिफरन्स अँप्लिफायर (दोन इनपुटमधला फरक तेवढा वाढवणारं सर्किट): इथे खरोखर बारकाई लागते. चारही रेझिस्टर सारखे, सगळे ±१%, तर दोन्ही इनपुटवर सारखा येणारा गोंगाट दाबण्याची हमी सर्वांत वाईट स्थितीत फक्त ३४ डेसिबेल. ±०.१% घेतले तर ५४. ऑपअँप कितीही उंची असो, हे आकडे रेझिस्टरच ठरवतात. एका चिपवर बनवलेलं जुळलेलं नेटवर्क इथे सुट्या चार रेझिस्टरांपेक्षा सरस, कारण त्यातले चारही तापमानाबरोबर एकत्र सरकतात.

टॉलरन्सच्या नादात वॅट आणि व्होल्ट विसरू नका. पाव वॅटचा १० के सतत ५० व्होल्टपर्यंतच सोसतो. त्याच हिशोबाने १ मेगाओहमला ५०० व्होल्ट येतात, पण तेवढे द्यायचे नाहीत. डेटाशीटमध्ये कमाल व्होल्टेज वेगळं दिलेलं असतं, पाव वॅटच्या रेझिस्टरसाठी अनेकदा २५० च्या आसपास. दोन्हींपैकी जी मर्यादा आधी लागते ती पाळायची.

## ८. नसलेली व्हॅल्यू जोडून काढा

नेमका ५ के हवा? १० के चे दोन समांतर जोडा.

एकसरी जोडल्यावर टॉलरन्सची बेरीज होते, हा गैरसमज आहे. ±५% चे दोन एकसरी जोडले तर एकूण रोधही फार तर ±५% च. ओहममध्ये चूक वाढते, पण एकूण रोधही त्याच प्रमाणात वाढलेला असतो. पट्टा अरुंदही होतो असं धरू नका. एकाच खेपेचे रेझिस्टर बहुधा एकाच बाजूला झुकलेले असतात.

दुसरी फसगत: ४.८ के हवा म्हणून ±५% च्या ४.७ के ला १०० ओहम एकसरी जोडणं. ४.७ के ची स्वतःची चूकच ±२३५ ओहम. त्यात १०० ओहमची भर कुठे हरवते ते कळणारही नाही. अशी जोडणी मोजून करायची असते.

मोजून करायची झाली तर समांतर जोडणी फार कामाची. हवा आहे १०.०० के, चांगल्या मीटरवर हातातला निघाला १०.०८ के. समांतर लागतो १०.०८ × १०.०० ÷ ०.०८ = १२६० के. ई१२ मधला जवळचा १.२ मेगाओहम, तो जोडल्यावर ९.९९६ के. हा १.२ मेगाओहम ±५% चा साधा असला तरी चालतो. त्याने केलेली दुरुस्तीच ०.८% ची, तिच्या पाच टक्के म्हणजे एकूण रोधात ०.०४% ची चूक. रेझिस्टर थोडा मोठा निवडायचा आणि समांतर जोडून खाली आणायचा. उलट दिशेने समांतर जोडणी काही करू शकत नाही.

## ९. पहिला साठा करताना

१० ओहम ते १ मेगाओहम ई१२ मालिका म्हणजे ६१ व्हॅल्यू. पाव वॅट, मेटल फिल्म, ±१% घ्या. ±५% पुरेल अशा जागीही हेच वापरा, दोन प्रकार सांभाळण्याची कटकट नको. प्रत्येकी सारखेच नग घेऊ नका. १०, २२ आणि ४७ या घराण्यातले (१००, २२०, ४७०, १ के, २.२ के, ४.७ के, १० के, २२ के, ४७ के, १०० के) सर्वांत आधी संपतात, ते बाकीच्यांच्या तिप्पट-चौपट ठेवा. ३३० आणि १ मेगाओहमही थोडे जास्त. ई२४ पूर्ण भरायची गरज नाही. त्यातले २.० के, ५.१ के आणि ७.५ के एवढे डिव्हायडरसाठी घेतले की बरंच भागतं.

पाकिटं आली की प्रत्येकातला एक रेझिस्टर मोजा आणि मगच लेबल लावून खणात टाका. १० के आणि १२० ओहमची पाकिटं जवळ ठेवायची नाहीत. ब्रेडबोर्डवरून परत काढलेले रेझिस्टर रंग बघून खणात टाकायचे नाहीत. त्यांच्यासाठी एक वेगळी डबी ठेवा, आणि ती भरली की मीटर घेऊन एकदाच निवडायला बसा.